अक्षरे गेली कोठे?



संगणकाच्या तक्रारी हा काही वसंत व्याख्यानमालेचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. पण समोरच्या मंडळींत गिरगाव-परळच्या छापखान्यांत खिळे जुळवलेले कोणी असतील, तर आमचे म्हणणे सर्वांआधी त्यांनाच पटेल.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मोफत देखभाल संपली आणि पुष्कळांना विंडोज ११ वर जाणे भाग पडले. नव्या यंत्रावर मंडळाची जुनी स्मरणिका उघडावी, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी! 'फाईल बिघडली' अशी ओरड होते. ती बहुधा बिघडलेली नसते.

जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला, त्या काळापासून जुळाऱ्याचा हात केसमधील खान्यांवर चालत आला. रातोरात कोणी खाने बदलले, तर हात बरोबर जाईल आणि अक्षर भलतेच निघेल. युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्याच खान्यांत आपली अक्षरे बसवलेली होती, आणि दर कंपनीचे खाने वेगळे. फाईलमध्ये असतो तो खान्याचा क्रमांक. फॉन्ट नसला की खान्याचे मूळ इंग्रजी अक्षर दिसते.

म्हणून प्रथम तोच जुना फॉन्ट बसवून पाहावा. अक्षरे आली, तर निम्मे काम झाले. कार्यक्रमच सुरू होत नसेल, तर दुखणे निराळे. फार जुने, सोळा बिटांचे कार्यक्रम चौसष्ट बिटांच्या विंडोजवर चालतच नाहीत, आणि विंडोज ११ दुसऱ्या जातीची निघालीच नाही. तेथे 'कंपॅटिबिलिटी मोड'ची कितीही मनधरणी करा, व्यर्थ! काही लिपी-कार्यक्रमांना कुलूप म्हणून लहानसे उपकरण लागे. त्याचा ड्रायव्हर नव्या यंत्राला मानवतो का, तेही पाहावे.

मजकूर युनिकोडमध्ये आणणे हा कायमचा उपाय. मात्र मूळ प्रत जपून, रूपांतर नकलेवर करावे. रूपांतर करणारा कार्यक्रम 'ऱ्य' आणि 'र्य' यांत गफलत करू शकतो, आणि मग आचाऱ्यांना द्यायची बिदागी आचार्यांना जाते.

हे हसण्यावारी नेऊ नये. लालबाग-परळच्या गिरण्या बंद पडल्या, चाळी पाडल्या जात आहेत; कोणत्या खोलीत कोण राहिले, वर्गणी कोणी दिली, हे पुष्कळदा या स्मरणिकांतच उरले आहे. तेव्हा जुने यंत्र भंगारात देण्याची घाई नको. जाळ्यापासून तोडून ते कोपऱ्यात ठेवावे, शेवटचे पान ताडून होईपर्यंत. ताडायला त्या चाळीतलेच कोणी जुने माणूस बसवावे. 'कऱ्हाडकरां'चे 'कर्हाडकर' झालेले त्याच्या नजरेतून सुटणार नाही.