काटा खोटं बोलतोय, की टाकी?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी या भागाची ही लिखित आवृत्ती. कानात इअरफोन असतील तर ऑडिओही आहेच.

आजचा विषय पेट्रोलच्या काट्याचा. आपल्याकडे बाइकवाल्यांची एक पिढी काट्याशिवायच मोठी झाली. टाकी हलवून आवाज ऐकायचा, आणि गाडी रिझर्व्हला लागली की खालचा कॉक फिरवून जवळचा पंप गाठायचा. म्हणजे धोक्याची सूचना थेट पेट्रोलच द्यायचं. आता ती सूचना एक सेन्सर, काही वायरी आणि एक संगणक मिळून देतात. या साखळीतली एक कडी बिघडली की काटा आत्मविश्वासाने खोटं बोलतो.

उदाहरण म्हणून मी मुद्दाम एक अमेरिकन स्पोर्ट्स कार घेतोय, शेव्रोले कॉर्व्हेटची पाचवी पिढी, म्हणजे सी-फाइव्ह. मॉडेल वर्ष १९९७ ते २००४. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना ही गाडी जुन्या बाजारात परवडते म्हणून मोह होतो, आणि घेतल्यावर कधी ना कधी हा अनुभव येतो: टाकी फुल केली, पंपावरून निघालो, आणि दहा मिनिटांत काटा सरळ शून्यावर. डॅशबोर्डवर कमी पेट्रोलची सूचना. थोडं चालवल्यावर काटा आपोआप पुन्हा वर. या गाडीचं हे दुखणं जगजाहीर आहे.

यात गमतीचा भाग थोडा आणि धोक्याचा जास्त. काटा खोटं ‘रिकामी’ दाखवतो, म्हणून माणूस हळूहळू त्याच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. मग एके रात्री टाकी खरंच रिकामी होते आणि तुम्ही सत्तर मैलांच्या वेगाने ट्रक धावणाऱ्या फ्रीवेच्या कडेला अंधारात उभे असता. कायम एकाच मापाने चुकणारा काटा चालवून घेता येतो. कधी खरं, कधी खोटं बोलणारा काटा जास्त वाईट.

आता हे चालतं कसं? घरावरच्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक आठवा. पेट्रोलच्या टाकीतही असाच एक फ्लोट तरंगतो. त्याच्या दांड्याच्या टोकाला धातूचा छोटा संपर्कबिंदू असतो आणि तो एका पट्टीवर घासत सरकतो. पातळी बदलली की रेझिस्टन्स बदलतो. या गाडीत साधारण ४० ओहम म्हणजे रिकामी आणि २५० ओहम म्हणजे भरलेली. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात घाण बसली की खरखर यायची, तसंच इथे होतं. पेट्रोलमधल्या गंधकामुळे संपर्कबिंदूवर थर चढतो. देवघरातलं चांदीचं निरांजन काळवंडतं ना, त्याच जातीचं रसायन. संपर्क तुटला की संगणकाला अशक्य आकडा दिसतो आणि तो काटा शून्यावर टाकतो.

आता शोध कसा घ्यायचा? मी पेशाने सॉफ्टवेअरवाला. बग सापडत नसेल तर आम्ही साखळी मधोमध तोडून बघतो, की इथपर्यंत आकडा बरोबर येतोय का? इथेही तेच करायचं. आधी सुटे भाग मागवायचे नाहीत.

पहिली पायरी फुकट आहे. दर वेळी टाकी फुल करताना ट्रिप मीटर शून्य करा आणि किती गॅलन बसलं ते फोनमध्ये लिहा. टाकी साधारण १८ गॅलनची, म्हणजे सुमारे ६८ लिटर. हायवेवर समजा गॅलनला २५ मैल मिळतात, तर गणिताने ४५० मैल होतात. पण शोध चालू असेपर्यंत २५० मैलांवर पंप गाठायचाच. एक आकडा खोटा आहे हे कळायला दुसरा स्वतंत्र आकडा लागतो.

दुसरी पायरी: गाडीलाच विचारा. सी-फाइव्हमध्ये त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. किल्ली ऑन करा, आधीच्या सूचना रिसेट बटणाने घालवा, मग ऑप्शन्स बटण दाबून धरून फ्युएल बटण चार वेळा दाबा. साठवलेले कोड पडद्यावर येतात. शेवटी सी असेल तर दोष आत्ताचा, एच असेल तर आधीचा. पी०४६१ ते पी०४६३ हे कोड इंधनपातळीच्या सेन्सर सर्किटचे आहेत.

तिसरी पायरी: स्कॅनर लावून संगणकाला कोणती पातळी दिसतेय ते बघा. तिथला आकडा शहाणा आणि काटाच वेडा असेल तर दोष डॅशबोर्डच्या बाजूला. आकडाही उड्या मारत असेल तर दोष टाकीच्या बाजूला. अर्धी साखळी इथेच निकालात निघाली.

चौथी पायरी मेकॅनिककडे करा. गाडी लिफ्टवर, इग्निशन बंद, टाकीजवळचा कनेक्टर सोडून फक्त लेव्हल सेन्सरच्या पिनांवर मल्टिमीटर. आकडा ४० ते २५०च्या बाहेर पळत असेल तर सेन्सर दोषी. स्थिर आणि पातळीला धरून असेल तर वायर किंवा अर्थिंग तपासा. पेट्रोलच्या वाफा हवेपेक्षा जड असतात, जमिनीलगत साचतात. त्यामुळे बंद गॅरेजमध्ये टाकीला हात लावायचा नाही.

आता एक गंमत. या गाडीत टाक्या दोन आहेत, डावी आणि उजवी, आणि दोन्हींत वेगळा सेन्सर. पंप डावीकडे. उजवीकडचं पेट्रोल ओढून डावीकडे आणायची व्यवस्था आहे. ती ओढणी बिघडली तर उजवीकडे पेट्रोल शिल्लक राहतं आणि इंजिन मात्र उपाशी बंद पडतं. म्हणजे काटा खरं बोलतोय, पण ते पेट्रोल तुमच्या उपयोगाचं नाही! अशा वेळी सेन्सर बदलून पैसे वाया जातील.

सेन्सरच दोषी निघाला तरी लगेच टाकी उतरवू नका, ते काम किचकट आणि खर्चिक आहे. आधी पीईए म्हणजे पॉलिइथरअमिन असलेला फ्युएल सिस्टिम क्लीनर बाटलीवरच्या प्रमाणात, भरलेल्या टाकीत घालून बघा. थर नुसता चढलेला असेल तर बऱ्याच मालकांचा काटा यानेच ताळ्यावर आलाय. पट्टी झिजली असेल तर बाटलीने काही होणार नाही, सेन्सर बदलावाच लागेल.

गंधकाचा दोष नुसता ऐकीव नाही. मे २००४ मध्ये लुइझियाना आणि फ्लोरिडात जादा गंधकाचं पेट्रोल पंपांवर पोचलं, गाड्यांचे काटे बिघडले आणि विक्री थांबवावी लागली. आपल्याकडे एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स पेट्रोलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाखांत १० भाग आहे, आधी बीएस-फोरमध्ये ती ५० होती. पण तुमची गाडी जुनी असेल तर तिच्या सेन्सरने जुन्या पेट्रोलचे दिवसही पाहिलेत.

जाता जाता एवढंच. गाडी कॉर्व्हेट असो की तुमची सेकंडहँड हॅचबॅक, काटा नाचायला लागला की पाव टाकीच्या खाली जाऊ नका. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे ती सवय त्यालाही मानवते. आणि कुणी न मोजता ‘अख्खं युनिट बदलावं लागेल’ म्हणालं, तर शांतपणे विचारा, “दादा, ओहम किती आले?” उत्तर आलं तर पुढे बोला. नाही आलं तर दुसरं गॅरेज बघा.

तुमच्या काट्याचे किस्से व्हॉइस नोटने पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर टाकी भरलेली ठेवा!