राजवंश, नवा धर्म आणि बऱ्हाणपूरचा एक शिलालेख
(शताब्दी व्याख्यानाचे लेखरूप)



बऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबी लेखाच्या सोबतीने एक संस्कृत शिलालेख कोरलेला आहे. परगावच्या पाहुण्याला तो पाहून आश्चर्य वाटते. गावकऱ्यांना मात्र सवयीमुळे त्याचे नवल उरलेले नाही. नवल संपले की प्रश्न विचारणेही थांबते. म्हणून शताब्दीच्या या मंगल प्रसंगी त्या शिळेला एक जुना प्रश्न पुन्हा विचारणे उचित ठरेल : राजघराणे आणि नवा धर्म एकत्र येतात, तेव्हा कोण कोणाला काय देतो?

या प्रश्नाचे एक प्रसिद्ध उदाहरण दूरदेशीचे आहे. इ. स. ५९७ मध्ये रोमहून पोप ग्रेगरीने पाठविलेला ऑगस्टिन इंग्लंडातील केंट राज्यात उतरला. तेथील राजा एथेलबर्ट जुन्या दैवतांचा उपासक होता, परंतु त्याची फ्रँक वंशातील राणी बर्था आधीपासून ख्रिस्ती होती. बीड या इतिहासकाराने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात सांगितले आहे, की पाहुण्यांनी जादूटोणा करू नये म्हणून राजाने त्यांची पहिली भेट उघड्या आकाशाखाली घेतली. पुढे राजाने धर्म स्वीकारला, पण त्याचा मुलगा गादीवर येताच काही काळ जुन्या देवांकडे वळला. पूर्व अँग्लियाचा राजा रेडवाल्ड तर एकाच देवळात ख्रिस्ताची आणि जुन्या दैवतांची अशा दोन वेदी ठेवीत असे. ग्रेगरीनेही ६०१ मध्ये कळविले, की मूर्ती काढाव्यात, देवळे मात्र पाडू नयेत. लोक ओळखीच्या जागी अधिक सहजतेने येतील. राजे वोडन या जुन्या देवापासून आपली वंशावळ सांगत. धर्म बदलल्यावरही त्यांनी वोडनला वगळले नाही. कालांतराने त्याच्याही वर नोहा आणि आदम यांची नावे चढविण्यात आली.

आता तापीकाठी येऊ. फिरोजशाह तुघलकाने १३७० च्या सुमारास मलिक राजाला थाळनेर-करवंदचा मुलूख दिला आणि खानदेशच्या फारुकी घराण्याचा पाया घातला गेला. हे घराणे आपले मूळ खलीफा उमर फारुक यांच्यापर्यंत नेत असे. मलिक राजाचा पुत्र नसीरखान १३९९ मध्ये गादीवर आला. त्याने आसा अहिराकडून असीरगड घेतला, ही कथा फरिश्त्याने सांगितली आहे. नसीरखानाने वसविलेल्या शहराला खुलदाबादच्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संताचे नाव मिळाले, तर पैलतीरावरील जैनाबादला त्यांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन यांचे. जैनुद्दीन यांनी स्वतः नसीरखानाला आशीर्वाद दिल्याचे परंपरा सांगते. परंतु ते १३६९ च्या सुमारास, म्हणजे नसीरखानाच्या राज्यारोहणापूर्वी तीस वर्षे, निवर्तले होते. आख्यायिका कालगणनेत टिकत नाही, तरी तिचा अर्थ टिकतो. तलवारीने मिळविलेल्या राज्याला संताच्या नावाची छाया हवी होती.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. इंग्लंडात राजांनी स्वतः धर्म बदलला आणि प्रजा त्यांच्यामागे गेली. ६८६ मध्ये वाइट बेटाचा राजा अर्वाल्ड मारला गेल्यावर तेथे जुन्या धर्माचा एकही राजा उरला नाही. खानदेशात राजे आपला धर्म घेऊनच आले आणि बहुसंख्य प्रजा आपल्या धर्मात राहिली. त्यामुळे प्रजेशी कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न फारुकींपुढे सतत राहिला. एथेलबर्टने आपले कायदे लॅटिनमध्ये न लिहविता लोकभाषेत लिहविले. राजा अलीखान ऊर्फ आदिलशाह याने मशिदीत संस्कृत आणले. ती बाजारातली भाषा नव्हे; पंडित, ज्योतिषी आणि कारभारी यांच्या प्रतिष्ठेची भाषा होती. राजाला त्यांची साक्ष हवी होती, असा तर्क करता येतो.

रायबहादूर हिरालाल यांनी हा लेख 'एपिग्राफिया इंडिका'त प्रसिद्ध केला. त्याचा आरंभ सृष्टिकर्त्याला वंदन करून होतो. तो अव्यक्त, व्यापक, नित्य आणि गुणातीत असल्याचे सांगितले आहे. ही विशेषणे वेदांत्याला परकी नाहीत आणि मौलवीलाही खटकणारी नाहीत. काळाचा निर्देश संवत् १६४६, शके १५११, पौष शुद्ध एकादशी असा, नक्षत्र-योगांसह, पंचांगाच्या पद्धतीने आहे; म्हणजे जानेवारी १५९०. मधल्या वंशावळीत मलिक राजापासून आदिलशाहापर्यंत पिता-पुत्रांची सात नावे आहेत. गादीवर बसलेले, पण दुसऱ्या शाखेतले राजे तीत नाहीत. सोळाव्या शतकाच्या आरंभी वारसाचा वाद झाला होता आणि गुजरातच्या महमूद बेगड्याच्या पाठबळाने ही शाखा सत्तेवर आली होती, हे आठवले की या निवडीचे मर्म कळते. देवाच्या दारी कोरलेली ही वंशावळ हक्काची सनदही होती.

म्हणून या शिळेकडे केवळ सलोख्याचे प्रतीक म्हणून पाहणे अपुरे आहे आणि केवळ राजकारण म्हणून पाहणेही अन्यायाचे. सत्तेची गरज तीत आहेच. पण ती भागविताना राजाने प्रजेच्या विद्येला मान दिला, हेही तितकेच खरे.

आकाशात चंद्र, सूर्य आणि तारे असेपर्यंत फारुकी वंश नांदावा, अशी प्रार्थना लेखात आहे. १५९७ मध्ये राजा अलीखान अकबराच्या बाजूने गोदावरीकाठच्या लढाईत पडला. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला आणि प्रार्थनेनंतर अवघ्या अकरा वर्षांत ते राज्य संपले. विजेत्याचा फारसी लेखही त्याच मशिदीत कोरला गेला, परंतु आधीचा लेख कोणी खरवडून काढला नाही. वंश गेला, अक्षर राहिले. अक्षर राखणे एवढेच ज्यांचे व्रत, त्या ग्रंथालयाच्या सभासदांना याहून वेगळे काही सांगण्याची आवश्यकता नाही.