"बोलेल गं, घाई काय?"

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. मी काही विदुषी नव्हे. पण आमच्या घरी जे घडले ते सांगितले तर एखादीला उपयोगी पडेल, म्हणून उभी राहिले आहे.

माझा नातू अडीच वर्षांचा झाला तरी चार-पाच शब्दांपुढे त्याची मजल जाईना. सून काळजीत पडली. मी मात्र म्हणे, "बोलेल गं, घाई काय? याचा बाप तरी कुठे लवकर बोलला!" शेजारणीने वेखंड उगाळून चाटवायला सांगितले, तेही केले. ऐकू येत नसेल, अशी शंका कोणी काढली की मी दार आपटून दाखवी. पोर चटकन मान वळवी आणि आमचे समाधान होई. असे सहा महिने गेले. अखेर सुनेनेच हट्ट धरला. तपासणीत निघाले की, त्याला जाड, मोठे आवाज ऐकू येतात. पण 'स', 'श' असे बारीक आवाज पोचतच नाहीत. जे कानी पडत नाही, ते जिभेवर यावे कोठून?

आता आपण विचाराल, उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाला घेऊन धावायचे का? तसे नव्हे. मुले थोडी मागेपुढे बोलतातच. तीन वर्षांचे मूल 'र'ला 'ल' म्हणते, त्यात भिण्यासारखे काही नाही. दोन-तीन वर्षांची पुष्कळ मुले अडखळतात आणि बहुतेकांचे ते आपोआप जाते. घरात दोन भाषा बोलल्या म्हणूनही वाचा अडत नाही.

पण वर्षाचे मूल बडबडत नाही, हाकेला बघत नाही. दीड वर्षाचे एकही शब्द बोलत नाही, बोटाने काही दाखवत नाही. दोन वर्षांचे 'दूध दे' असे दोन शब्द जोडत नाही. तीन वर्षांच्या मुलाचे बोलणे परक्याला फारसे कळत नाही. अडखळणे सहा महिन्यांवर टिकते किंवा बोलताना चेहरा ताणला जातो, अशा वेळी तज्ज्ञांना दाखवावे. आणि येत असलेले शब्द गेले, तर मुळीच थांबू नये.

पहिली पायरी कानाच्या तपासणीची. झोपलेल्या तान्ह्याचीही ती करता येते. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे. गावाकडे अंगणवाडीताईंना सांगावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची तपासणी करून त्यांना पुढे पाठवण्याची सोय आहे.

आता नातवाच्या कानाला यंत्र आहे, वाचा-उपचार चालू आहेत. परवा तो म्हणाला, "आजी, साखर दे." तो 'स' मी जन्मभर विसरणार नाही.

भगिनींनो, तपासून काही निघाले नाही, तर एक सकाळ गेली एवढेच. निघाले आणि आपण थांबलो, तर गेलेले महिने परत येत नाहीत. म्हणून आपल्या घरच्या आईला शंका आली, तर तिला गप्प करू नका. मी केले होते, ते आज सर्वांसमक्ष कबूल करते.