एक शब्द, एक अर्थ

(शाळेच्या सकाळच्या सभेत मुलांपुढे केलेले भाषण)



रानात पेटलेल्या मोठ्या आगीला आपण मराठीत ‘वणवा’ म्हणतो. आज मी तुम्हांला वणवा विझवणाऱ्या माणसांच्या भाषेविषयी सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, आग विझवायला पाणी हवे, तेथे भाषेचे काय काम? ऐका तर मग.

अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. तेथे उन्हाळ्यात पाऊस फारसा पडत नाही. गवत आणि झुडपे वाळून जातात. १९७० साली तेथे एकामागून एक वणवे पेटले. अवघ्या १३ दिवसांत १६ माणसे मरण पावली. सुमारे ७०० घरे व इमारती जळाल्या. पाच लाख एकरांहून अधिक जमीन होरपळली. आपले सारे मॉरिशस बेटसुद्धा एवढे मोठे नाही!

आग विझवायला ठिकठिकाणची दले धावून आली. माणसे शूर होती. पण प्रत्येक दलाचे शब्द निराळे आणि रेडिओही निराळे. हुकूम कोणी द्यायचा, हेही नीट ठरलेले नव्हते. ‘टँकर’ हा एकच शब्द घ्या. अमेरिकेत काही ठिकाणी टँकर म्हणजे पाण्याची मोटारगाडी, तर काही ठिकाणी टँकर म्हणजे आगीवर फवारा टाकणारे विमान! एकाने गाडी मागावी आणि दुसऱ्याने विमान समजावे, असे झाले तर किती वेळ वाया जाईल? आग काही तोवर थांबत नाही.

म्हणून तेथील लोकांनी एकत्र बसून नवी पद्धत तयार केली. तिचे नियम सोपे आहेत. संकटाच्या जागी एक घटनाप्रमुख असतो. त्याच्या हाताखाली कामे वाटलेली असतात. कोणी आग विझवतो, कोणी पुढची आखणी करतो, कोणी अन्न, पाणी व अवजारे पुरवतो, तर कोणी खर्चाचा हिशेब ठेवतो. एका माणसाने साधारण पाच जणांवरच देखरेख करायची. रेडिओवर सांकेतिक आकडे न बोलता साध्या शब्दांत बोलायचे. आणि एका शब्दाचा सर्वांनी एकच अर्थ घ्यायचा. आज पूर, भूकंप व वादळ अशा वेळीही तेथे हीच पद्धत वापरतात.

आता वणव्याचे काही शब्द पाहू या. वणवा ज्या दिशेला सर्वांत वेगाने धावतो, ते त्याचे ‘डोके’. जेथे तो रेंगाळतो, ती त्याची ‘टाच’. दोन्ही बाजू म्हणजे त्याच्या ‘बगला’. गवत, झुडपे काढून जमिनीची कोरी पट्टी करतात, ती ‘जाळरेषा’. तेथे जळायला काही उरत नाही, म्हणून आग अडते. मात्र वाऱ्याने ठिणगी रेषेपलीकडे उडाली, तर तेथे नवी आग लागू शकते.

‘आग घेरली’ आणि ‘आग विझली’ यांतही मोठा फरक आहे. घेरली म्हणजे तिच्याभोवती रेषा पूर्ण झाली. आत निखारे धगधगतच असतात. घेरलेल्या आगीला विझलेली समजून कोणी जवळ गेला, तर त्याच्या जिवावर बेतेल.

पॉल ग्लीसन या अनुभवी अमेरिकन अग्निशामकाने १९९१ साली आपल्या सोबत्यांना चार गोष्टी लक्षात ठेवायला सांगितल्या: टेहळणी करणारा, संपर्क, सुटकेची वाट आणि सुरक्षित जागा. टेहळणी करणारा आगीवर नजर ठेवतो. संपर्कामुळे त्याचा इशारा सर्वांना कळतो. सुटकेच्या वाटेने माणसे सुरक्षित जागी पोहोचतात. या चार गोष्टी नक्की झाल्यावरच आगीशी झुंजायचे.

मुलांनो, आपल्या मॉरिशसमध्येही असे ठरलेले शब्द आहेत. चक्रीवादळ जवळ येऊ लागले, की रेडिओवर इशाऱ्याचा क्रमांक सांगतात. हे क्रमांक एक ते चार असतात. चौथा सर्वांत गंभीर. घरात मराठी बोला, क्रेओल बोला किंवा फ्रेंच बोला, त्या क्रमांकाचा अर्थ साऱ्या बेटावर एकच असतो.

तुम्हांला कधी उसाच्या शेतातून आग येताना दिसली, तर तिच्याजवळ जाऊ नका. लगेच मोठ्या माणसांना सांगा. आग कोठे आहे, काय जळते आहे, आत कोणी अडकले आहे का, एवढेच स्पष्ट बोला. संकटात शूराइतकाच नेमके बोलणारा माणूसही उपयोगी पडतो.

स्वाध्याय
१. ‘टँकर’ या शब्दाचे कोणते दोन अर्थ होत असत?
२. जाळरेषेमुळे आग का अडते?
३. ‘आग घेरली’ आणि ‘आग विझली’ यांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.
४. वणव्याचे चित्र काढून डोके, टाच व बगला दाखवा.