भुतांचा सिनेमा आणि जॉर्ज रोमेरो



"आपण अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारी माणसं, आणि तुम्ही आम्हाला मढी उठून चालतात तो सिनेमा दाखवणार?" असं आपल्यातल्या एकांनी मला फोनवर विचारलं. प्रश्न रास्त आहे. म्हणून सिनेमाआधी थोडं बोलते.

रोमेरोचा जन्म १९४०चा, न्यूयॉर्कचा. पण पिट्सबर्गला शिकायला आला आणि तिथेच रमला. जाहिरातपट करून पोट भरत होता. १९६७ साली दहा जणांनी प्रत्येकी ६०० डॉलर घालून 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' सुरू केला. एकूण खर्च सुमारे १ लाख १४ हजार डॉलर. यात मंत्र नाहीत, मांत्रिकही नाही. बाहेर मढी आहेत, पण घरातली माणसं मरतात ती एकमेकांचं न ऐकल्यामुळे. सगळ्यांत शहाणा माणूस काळा आहे, आणि त्याच्या रंगाबद्दल कोणी एक शब्द बोलत नाही. ड्वेन जोन्सला ती भूमिका मिळाली कारण चाचणीत तो सर्वांत सरस ठरला. तयार प्रिंट गाडीत घालून न्यूयॉर्कला जाताना रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी ऐकली, असं रोमेरो सांगत असे.

वितरकाने सिनेमाचं नाव बदललं. जुन्या नावाच्या पाटीबरोबर कॉपीराइटची ओळही गेली, आणि तेव्हाच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे हक्कच बुडाला. सिनेमा जगभर चालला, ज्याला वाटेल त्याने विकला. एक ओळ! पेटंटचे कागद भरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मला जास्त छळते ती १९८५ची गोष्ट. 'डे ऑफ द डेड'साठी मोठं बजेट मिळत होतं; अट एवढीच, की सेन्सॉरच्या रेटिंगमध्ये बसेल इतपत सौम्य कर. त्याने निम्मे पैसे घेतले, पटकथा कापली, पण अट मानली नाही. मी अनुदानावर जगणारी संशोधक. प्रस्तावातला एक प्रश्न गाळा, असं मला एकदा सुचवण्यात आलं. मी तो गाळला. पैसे मिळाले, तीन पेपर झाले. तो प्रश्न अजून कोणी विचारलेला नाही.

रोमेरो २०१७ साली टोरोंटोत वारला. १९७३ साली त्याने एका ल्यूथरन सेवासंस्थेसाठी वृद्धांच्या हेळसांडीवर 'द अम्यूझमेंट पार्क' केला होता. तो वर्षानुवर्षं पडून राहिला आणि २०२१ मध्ये लोकांसमोर आला. जत्रेत एकटा पडलेला म्हातारा, बस्स. ज्यांचे आईवडील पुण्या-नागपुरात एकटे आहेत, त्यांना तो भुतांपेक्षा जड जाईल. तो पुढच्या महिन्यात बघू.

आता दिवे घालवा. शेवटची पाच मिनिटं मात्र कोणी चहासाठी उठू नका.