मुलांना पाठवा, शिकवणारे मिळतील



आई विड्या वळण्यात गुंतलेली, वडील मजुरीवर आणि वर्गात पन्नास मुले; अशा वेळी मागे पडलेल्या मुलाजवळ बसायचे कोणी? माझे उत्तर असे की, मोहल्ल्यातल्याच शिकलेल्या मुलामुलींनी.

1995 साली मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने हे करून दाखविले आहे. तिच्या योजनेत वस्तीतलीच, शालेय शिक्षण झालेली 'बालसखी' अभ्यासात मागे राहिलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वाचन व गणित शिकवी. 2001 ते 2003 या काळात मुंबई व बडोद्यात या योजनेची पारख झाली, तेव्हा सर्वाधिक लाभ सर्वांत कच्च्या मुलांना झाल्याचे दिसले.

बालसखीला थोडे मानधन असे. पुढे उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात याच संस्थेच्या स्वयंसेवकांनी विनामोबदला वाचनवर्ग चालविले. जी मुले आली, त्यांचे वाचन सुधारले. पण आली शंभरात जेमतेम आठ! शिकवणारे होते, मुले नव्हती.

म्हणून महाविद्यालयीन मित्रांनो, आठवड्यातून तीन दिवस मगरिबनंतर तासभर द्या आणि दिलेली वेळ चुकवू नका. पालकहो, त्या तासाला मुलाला दुकानावर अन् मुलीला विड्यांच्या सुपाजवळ बसवू नका. हाताला धरून वर्गापर्यंत पोहोचवा. येथे फी लागणार नाही. फक्त आपले मूल लागेल.