जिथे मोटारीला बंदी आहे

(स्त्रियांच्या संचारस्वातंत्र्यावरील शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



बाई आणि रस्ता हा विषय आपण नेहमी भीतीच्या बाजूने मांडतो. कुठे जायचं नाही, किती वाजता परतायचं, सोबतीला कोण. आज तो मी दुसऱ्या बाजूने मांडणार आहे. रस्ता कोणासाठी बांधला आहे, यावर बाई किती लांब जाणार हे ठरतं का? मला वाटतं, बरंचसं ठरतं.

फ्रान्सच्या आग्नेय भागात आर्देश नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. तिथे मी आणि माझ्या दोन मैत्रिणी चार दिवस सायकलवरून फिरलो. तिघी पन्नाशी ओलांडलेल्या. एकीचे गुडघे दुखतात. तिच्याकडे मोटारीचं लायसन कधीच नव्हतं. ज्या वाटेवरून आम्ही गेलो तिचं नाव दोल्चे व्हिया. ऱ्होन नदीकाठच्या ला वूल्त गावाजवळून ती निघते, एरियू नदीच्या खोऱ्यातून वर चढत ल शेलारला पोचते. तिथे तिला दोन फाटे फुटतात. एक लामास्त्रकडे जातो, दुसरा सँ-आग्रेव्हच्या पठारावर. सगळी मिळून सुमारे ९० किलोमीटर. चेस्टनटची झाडं, दगडी बांध घातलेले उतार, खाली नदी. आणि एकही मोटार नाही.

मुळात ही मीटर गेज रेल्वेची वाट. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रूळ घातले जाऊ लागले, १९६८ साली गाडी बंद झाली. रेल्वेला मोठा चढ सोसत नाही. म्हणून त्या काळच्या इंजिनिअरांनी डोंगराला वळसे दिले, बोगदे खणले, पूल बांधले. त्याचा फायदा आज सायकलवाल्यांना मिळतो. सँ-आग्रेव्ह हजार मीटरच्याही वर आहे, पण चढ इतका हलका की दुखऱ्या गुडघ्याची बाईसुद्धा हळूहळू वर जाते. वाट दाबून बसवलेल्या खडीची आहे. त्यासाठी महागडी सायकल लागत नाही.

अशा वाटांना तिथे 'हिरवी वाट' म्हणतात. २००४ साली त्यांच्या वाहतुकीच्या नियमांत तिची व्याख्या आली: पायी चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखून ठेवलेली वाट, जिथे इंजिनाच्या गाडीला प्रवेश नाही. ही कायद्याने दिलेली जागा आहे, कोणाची मेहेरबानी नव्हे.

याचा परिणाम आम्ही डोळ्यांनी पाहिला. डोंगरातल्या मोटारींच्या रस्त्यावर सायकलवर दिसतात ते बहुतेक पुरुष, घट्ट कपडे घालून जोरात जाणारे. या वाटेवर मात्र आज्या होत्या, मागे डबा जोडून त्यात तान्हं मूल बसवलेली आई होती, दहा-बारा वर्षांच्या मुली आपापल्या सायकलींवर होत्या. मुलगी मोटारीखाली येणार नाही, एवढी एक खात्री असली की आई तिला सोडते. धाडस ही बाईच्या स्वभावातली उणीव किंवा जमेची बाजू, असं आपण मानत आलो. ती बरीचशी रस्त्याच्या बांधणीतली गोष्ट आहे.

आता मी तुम्हाला या खोऱ्यातल्या बायकांबद्दल सांगते, कारण पर्यटनाच्या पत्रकांत त्या फारशा सापडत नाहीत. एकोणिसाव्या शतकात आर्देश हा रेशमाचा जिल्हा होता. रेशमाच्या किड्यांची अंडी उबवायला बायका ती छोट्या पिशवीत घालून आपल्या अंगाशी बांधून ठेवत. बाईच्या देहाची ऊबही उत्पादनाचं साधन होती, आणि तिचा हिशेब कुठल्या वहीत नव्हता. नदीच्या पाण्यावर रेशमाचा धागा पिळण्याच्या गिरण्या चालत. त्यांत मुख्यतः बायका आणि लहान मुली राबत. वरच्या गावांतून आलेल्या मुली आठवडाभर गिरणीतच झोपत आणि रविवारी घरी जात. धागा सुकून तुटू नये म्हणून आत दमट हवा ठेवलेली. दिवस बारा तासांचा, कधी त्याहून जास्त.

त्या मजुरीवर हक्क कोणाचा? विवाहित बाईला स्वतःची कमाई स्वतः वापरण्याचा हक्क फ्रान्समध्ये १९०७ च्या कायद्याने मिळाला. मताचा हक्क १९४४ साली. आणि नवऱ्याच्या संमतीवाचून नोकरी करण्याचा, बँकेत खातं उघडण्याचा हक्क १९६५ साली. म्हणजे या वाटेवरची रेल्वे बंद पडायच्या फक्त तीन वर्षं आधी. 'परदेशातल्या बाया आधीपासूनच मोकळ्या' असं जे म्हणतात, त्यांना ही सालं सांगा.

कपड्यांचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८०० साली पॅरिसच्या पोलीसप्रमुखाने हुकूम काढला की बाईला पुरुषी पोशाख घालायचा तर पोलिसांची परवानगी हवी. पुढे १८९२ आणि १९०९ च्या परिपत्रकांनी सूट दिली: बाईच्या हातात सायकलचं हँडल किंवा घोड्याचा लगाम असेल तर विजार चालेल! म्हणजे सायकल सोडली की विजार गुन्हा. तो हुकूम आता निरर्थक आहे, असं फ्रान्सच्या सरकारने स्पष्ट सांगायला २०१३ साल उजाडलं.

एरियूच्या दक्षिणेला डोंगरात प्रानल नावाचं गाव आहे. तिथली मारी द्युराँ ही प्रोटेस्टंट मुलगी १७३० साली, एकोणिसाव्या वर्षी, पकडली गेली. भाऊ बंदी असलेल्या पंथाचा धर्मोपदेशक होता, हे मुख्य कारण. समुद्राजवळच्या एका बुरुजात तिला ३८ वर्षं कोंडून ठेवलं. धर्म सोडते म्हटलं असतं तर दार उघडलं असतं. ती म्हणाली नाही. १७६८ साली सुटली. त्या बुरुजातल्या दगडावर 'प्रतिकार' अशा अर्थाचा एक शब्द कोरलेला आहे. तो तिनेच कोरला असं परंपरा मानते.

सँ-आग्रेव्हपासून थोडं पुढे गेलं की ल शांबों हे गाव लागतं. दुसऱ्या महायुद्धात या पठाराने ज्यूंना आसरा दिला. पळून येणारी माणसं, एकटी पाठवलेली मुलं याच छोट्या रेल्वेने यायची. दार उघडणाऱ्या, पानात वाढणाऱ्या, कोणाला कुठल्या शेतघरात ठेवायचं ते ठरवणाऱ्या अनेकजणी बायका होत्या. पाद्रीची बायको माग्दा त्रोक्मे हे त्यातलं एक नाव. बाकीच्या कितीतरी जणींची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत.

पण मला फक्त कौतुक करून थांबायचं नाही. आम्ही एका घरात उतरलो होतो. तिथे खोल्या झाडायला येणाऱ्या बाईशी बोलणं झालं. ती म्हणाली, "वाट चांगली आहे, उन्हाळ्यात चार पैसे मिळतात. पण माझ्या आईला दवाखान्यात न्यायचं तर शेजाऱ्याची मोटार मागावी लागते. आजी म्हणायची, पूर्वी गाडी होती." हे बोलणं माझ्या मनातून जात नाही. पाहुण्यांना वाट मिळाली, आणि मोटार नसलेल्या म्हाताऱ्या बाईची गाडी मात्र गेली. रेल्वे बंद करताना तोट्याचा हिशेब होतो. त्या तोट्यात बाईची पायपीट कोणी धरत नाही. शिवाय ही वाट हिवाळ्यात ओस पडते. मोटार नाही म्हणजे भीती नाही असं नव्हे. लांब बोगद्यात शिरताना आम्ही तिघी न ठरवताच जवळजवळ आलो होतो.

मग आपण यातून काय घ्यायचं? आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळतात. चांगलं आहे. पण सायकल दिली आणि रस्ता ट्रक-डंपरचाच ठेवला, तर पहिल्या अपघातानंतर कोणाची शाळा सुटते, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून माझी सूचना अशी. आपापल्या गावात मुलींना बरोबर घेऊन घर ते शाळा, घर ते दवाखाना, घर ते बाजार ही वाट एकदा चालून पाहा. कुठे जीव मुठीत धरावा लागतो, कुठे दिवा नाही, कुठे टपरीवरचे टोमणे ऐकावे लागतात, कुठली एसटी बंद झाली, ते कागदावर उतरवा. तो कागद घेऊन ग्रामसभेत जा. सायकलीच्या वाटेची मागणी करा, आणि एसटीचीही करा. एकीच्या बदल्यात दुसरी घेऊ नका. बाईला दोन्ही हव्यात: स्वतःच्या पायांनी जायची वाट, आणि पाय थकले की नेणारी गाडी.